बेड नंबर एकचं ताट

"काय सिस्टर, आज पेशंट कसे आहेत?" असं हाजराला कुणी विचारलं तर सरळ उत्तर कधीच मिळायचं नाही. "तीन नंबर दोनदा हसली. पाच नंबरने वेणी घालून घेतली. चार नंबर दारापर्यंत जाऊन परत आली." समोरचा वैतागून म्हणायचा, "म्हणजे बऱ्या आहेत ना?" त्यावर ती म्हणायची, "ते डॉक्टर सांगतील. मला जे दिसलं ते मी सांगितलं."

घरीही तीच तऱ्हा. नवरा अकबर द्वारका चौकाजवळ रिक्षांच्या सीटा शिवायचा. ईदला नवा कुर्ता घालून त्याने ऐटीत विचारलं होतं, "कसा दिसतो?" हाजराने वरपासून खालपर्यंत पाहून सांगितलं, "दुसरं बटण तिसऱ्या काजात आहे." अकबरने ही गोष्ट निदान शंभर जणांना सांगितली असेल, आणि दर वेळी ती नव्याने रागावली असेल.

पण ही खोड काही अशीच लागलेली नव्हती. मालेगावात तिचे अब्बा यंत्रमागावर होते. पोरीला नोकरी लागावी म्हणून त्यांनी तिला नगरपालिकेच्या मराठी शाळेत घातलं, नर्सिंगलाही पाठवलं. ते सांगायचे, "कापडात दोष दिसला की आधी माग थांबवायचा. धागा बघायचा. नाहीतर तोच दोष पुढं वारामागून वार कापडात उतरत राहतो." बारा वर्षं साध्या हॉस्पिटलात काढून हाजरा गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या मानसिक आजारांच्या एका खासगी हॉस्पिटलात आली, तेव्हा तिला अब्बांचं बोलणं आठवलं. इथे ताप मोजायचा नव्हता, टाके मोजायचे नव्हते. इथे डोळे होते आणि एक नोंदवही. पेशंट दिवसभर काय करतो ते त्यात लिहायचं, आणि डॉक्टर त्यावरून औषध ठरवणार. नव्या पोरी 'रुग्ण चिडलेली' असं लिहायच्या. हाजरा त्यांना हटकायची, "चीड तुला दिसली का? काय दिसलं? ग्लास फेकला? मग 'ग्लास फेकला' लिही. चीड डॉक्टर शोधतील." अकरा वर्षं ती हेच सांगत आली होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी मागून तिची नक्कल करायच्या, आणि लिहायच्या मात्र तसंच.

त्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला होता. बायकांच्या वॉर्डात बेड नंबर एकवर कुसाबाई होती. गिरणारे गावाच्या पुढची, एकसष्ट वर्षांची, उभा जन्म कोथिंबीर, मेथी आणि झेंडूत गेलेला. दिवाळीत तिचा नवरा सावळीराम गेला. त्यानंतर ती कमी-कमी बोलू लागली, मग बोलेनाशीच झाली. शेतात जायची बंद झाली, उंबऱ्यावर बसून राहायची. मुलगा जीवन आणि सून सृष्टी तिला घेऊन आले तेव्हा तिचं वजन चव्वेचाळीस किलो होतं. नऊ दिवसांत ते एकेचाळीसवर आलं.

नोंदवहीत नऊही दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ एकच ओळ होती. 'जेवण नाकारते.' त्यातल्या चार संध्याकाळच्या ओळी हाजराच्या अक्षरात होत्या.

शुक्रवारी राउंडला डॉ. चैताली वहीची पानं उलटत थांबल्या. त्या तरुण होत्या, हुशार होत्या आणि घाईत निर्णय घेणाऱ्या मुळीच नव्हत्या. "सलाइनवर किती दिवस काढणार?" त्या म्हणाल्या. "रविवारपर्यंत बघू. नाहीच जेवल्या तर सोमवारी सकाळी नाकातून नळी घालावी लागेल. मुलाची सही घेऊन ठेवा."

हाजराने नळ्या घातलेल्या पाहिल्या होत्या. नळी वाईट नसते, जीव वाचवते. पण न बोलणारा माणूस ती उपटतो. मग त्याचे हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधावे लागतात. बांधलेल्या हातांनी छताकडे बघणारी माणसं तिने पाहिली होती, आणि त्यांतली काही त्यानंतर सुधारण्याऐवजी कितीतरी मागे गेलेलीही पाहिली होती. कुसाबाईचे ते हात, बोटांच्या पेरांत झेंडूचा हिरवट-काळा रंग अजून बसलेला, बांधायचे हे तिला मनातही आणवेना.

शनिवारपासून तिची सकाळची ड्यूटी लागली.

इथे या वॉर्डाची एक रीत सांगायला हवी. दुपारचं जेवण साडेबाराला लिफ्टने वर यायचं. पेशंट जेवायला बसले की त्याच वेळी सिस्टरही आपले डबे घेऊन मागच्या खोलीत जायच्या. वॉर्डात राहायची ती आक्काबाई, वाढणारी मावशी. सिस्टर परत आल्या की विचारायच्या, "एक नंबर जेवली का?" आक्काबाई मान हलवायची, "नाय." आणि वहीत ओळ उतरायची. संध्याकाळच्या ड्यूटीतही तेच. जेवण यायचं त्याच वेळेला हाजरा रोजा सोडायला मागच्या खोलीत असायची. अकरा वर्षं 'दिसलं ते लिहा' म्हणून पोरींना पिडणाऱ्या बाईने चार संध्याकाळ न बघता लिहिलं होतं, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

शनिवारी दुपारी दुसरी सिस्टर डबा घेऊन आत गेली. हाजराचा रोजा. तिला खायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. सिस्टरांचं टेबल बेड नंबर एकला लागूनच होतं. ज्या पेशंटवर जास्त लक्ष ठेवायचं ती या बेडवर, असा नियमच होता. हाजराने वही पुढे ओढली आणि घड्याळ बघून लिहू लागली.

'१२:३५. रुग्णासमोर ताट ठेवले. चपाती, वरण, भात, बटाट्याची भाजी. रुग्णाने पदर नीट केला. ताटाकडे पाहिले. हात लावला नाही.

१२:४०. रुग्ण दोन नंबरकडे पाहते. मग तीन नंबरकडे.

१२:४८. दोन व तीन नंबरचे जेवण झाले. रुग्ण चार नंबरकडे पाहते.

१२:५४. चार व पाच नंबरचे झाले. रुग्ण सहा नंबरकडे पाहते.'

सहा नंबरवर आरोही नावाची कॉलेजातली मुलगी होती. ती एकेक शीत वेचून खायची. तिचं जेवण म्हणजे वॉर्डाची परीक्षाच. अखेर तिने चमचा खाली ठेवला.

'१२:५७. सहा नंबरचे झाले. रुग्णाने उजवा हात ताटाकडे नेला.'

हाजरा लिहीत होती तेवढ्यात आक्काबाईने बेड एकपासून ताटं गोळा करायला सुरुवात केली, कारण ढकलगाडी तिथेच लिफ्टपाशी उभी असायची आणि एकच्या ठोक्याला ती खाली पुरुषांच्या वॉर्डात जायची. कुसाबाईच्या बोटांखालून ताट उचललं गेलं. कुसाबाईने हात परत मांडीवर ठेवला. तक्रार नाही, काही नाही. भरल्या ताटाने ती जन्मभर दुसऱ्यांची वाट बघत आली असावी, इतक्या सवयीने तिने तो हात मागे घेतला.

हाजराच्या हातातलं पेन थांबलं. काय घडलं ते तिच्या ध्यानात येईपर्यंत सगळी ताटं गाडीत भरून लिफ्टचं दार लागलंही होतं. ती जिन्याने धावत खाली गेली, स्वयंपाकघरातून भांडून दुसरं ताट आणलं. पण तोवर कुसाबाई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती, आणि काही केल्या वळली नाही.

हाजराने वहीची मागची पानं उलटली. जेवणाच्या रकान्यात नाकारते, नाकारते, नाकारते. आणि दुपारच्या चहाच्या रकान्यात, रोज, त्यांतले चार दिवस तिच्या स्वतःच्याच अक्षरात, 'चहा पूर्ण. बिस्किटे दोन.' सगळ्या हसून म्हणायच्या, म्हातारीला चहाची तल्लफ. पण चहा लिफ्टने येत नव्हता. तो गॅलरीच्या बाजूच्या पँट्रीतून यायचा, आणि बेड सहापासून वाटला जायचा. कुसाबाईला तो सगळ्यांत शेवटी मिळायचा, आणि रिकामे कप गोळा करायची कुणाला घाई नसायची.

"आक्का," हाजरा म्हणाली, "ती नाकारत नाही गं. ती थांबते."

आक्काबाई आधी भडकलीच. "म्हंजे मी कुणाच्या तोंडचा घास काढते व्हय? खालून ते बोंबलत्यात, गाडी पाठवा, गाडी पाठवा! मला काय चार हात हायेत?" मग ती बेड एककडे बघत राहिली. "आमची आई बी अशीच व्हती," ती हळूच म्हणाली. "पन इथं दवाखान्यात कोन असं थांबंल, हे माझ्या डोक्यातच नाय आलं."

एक वाजता भेटीची वेळ झाली. जीवन आणि सृष्टी आले. हाजराने जीवनला बाजूला घेतलं. "तुमच्या आई घरी कधी जेवतात?"

"घरी? टायमावर जेवायची की," जीवन म्हणाला.

"म्हणजे कधी? कुणासोबत?"

जीवनने बायकोकडे पाहिलं.

"सगळ्यांचं झाल्यावर," सृष्टी म्हणाली. "सासरे असताना आधी सासरे, मग हे, मग पोरं. खुडणीला बाया आल्या तर त्या. मी म्हणायचे, आई, बसा ना माझ्यासंगं. तर म्हणायच्या, तुमचं होऊ द्या. मी भांडी घासायला गेले की मग बसायच्या, चुलीकडं तोंड करून."

जीवन चौतीस वर्षांचा होता. वांगी तोलायच्या काट्यासारखा सरळ माणूस, आत एक बाहेर एक असं नसलेला. तो म्हणाला, "सिस्टर, मी आईला जेवताना पाह्यलंच नाय कधी." हे त्याला त्या क्षणीच कळलं होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने नळीच्या कागदावर कालच सही केली होती.

हाजराने डॉ. चैतालींना फोन लावला. सगळं सांगितलं, आणि शेवटी जे सांगणं जिवावर आलं होतं तेही. "मॅडम, त्या चार ओळी माझ्या आहेत. मी पाहिलं नव्हतं. आक्काला विचारून लिहिलं होतं."

नोकरी गेली, हाजराला वाटलं. मुलगी मेहविशचं बारावीचं वर्ष होतं, अकबरच्या धंद्याचा काही भरवसा नव्हता, आणि हे सगळं एका क्षणात तिच्या डोक्यातून जाऊन आलं.

"आणि मी त्या ओळी वाचून नळी ठरवली," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा सिस्टर, डिप्रेशनमध्ये भूक जातेही. तुमचं म्हणणं खरं असेल आणि भूकही गेलेली असेल. उद्या दुपारचं जेवण तुमच्या पद्धतीने करा. पण सोमवारी सकाळी मी वजन बघणार. वजन आणखी उतरलं आणि जेवणही नसेल, तर मी थांबणार नाही."

फोन ठेवून हाजराने आपल्या चारही ओळींवर एकेक सरळ रेघ मारली. नोंदवहीत खोडायचं नसतं, गिचमिड करायची नसते. खालची चूक वाचता आली पाहिजे. प्रत्येक रेघेशेजारी तिने लिहिलं, 'स्वतः पाहिले नाही. मावशींच्या सांगण्यावरून लिहिले,' आणि सही केली.

संध्याकाळी वडाळा गावातल्या घरी दस्तरखान अंथरलं होतं. खजूर, कलिंगड, मेहविशने तळलेली भजी. मशिदीतून अजान झाली आणि तिघांनी एकाच वेळी खजूर तोंडात घातला. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. हाजराच्या मनात आलं, महिनाभर आपल्या घरात सगळे एका क्षणाला जेवतात, म्हणून आपल्याला सुचलं नसेल. मग तिला लाज वाटली, कारण उरलेले अकरा महिने तिच्या घरात तिचं ताट कधी वाढलं जातं हे तिला चांगलं ठाऊक होतं. "काय झालं? भजी कशी झालीयेत?" अकबरने विचारलं. "सहा खाल्लीस तू," ती म्हणाली, आणि त्याच्या जिवात जीव आला.

रविवारी आक्काबाईने पदर खोचला. स्वयंपाकघरात जाऊन तिने असा काही आवाज चढवला की जेवण सव्वाबारालाच वर आलं. गाडी थेट सहा नंबरपाशी नेली. "आरोही, बाळा, आज जरा लवकर गिळ गं," असं तिने विनवलं, आणि आरोहीने आश्चर्याने दोन-दोन शितं एकदम खायला सुरुवात केली. मग पाच, चार, तीन, दोन. कुसाबाईसमोर ताट ठेवलंच नाही. ती आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होती. पाऊण वाजता आरोहीचं ताट रिकामं झालं, तेव्हा कुठे आक्काबाईने बेड एकवर गरम ताट आणून ठेवलं आणि गाडी खाली पाठवून दिली. रिकामं ताट ती हाताने नेणार होती, भले दोन वाजोत.

कुसाबाईने ताटाकडे पाहिलं. हात उचलला. आणि हात थांबला.

आता काय राहिलं? सगळ्यांचं झालं होतं. कुसाबाईची नजर आक्काबाईवर गेली. आक्काबाई झटकन म्हणाली, "माझं झालं वं बाई कवाच. दोन भाकरी खाल्ल्या." नजर तिथून निघाली आणि टेबलापाशी बसलेल्या हाजरावर येऊन थांबली.

"तुझं झालं का, बाई?" कुसाबाई म्हणाली.

आवाज घोगरा होता, महिनोन्महिने न वापरलेला. इथे आल्यापासूनचे ते तिचे पहिले शब्द.

'हो' म्हणणं सोपं होतं. एका शब्दाने काम झालं असतं. पण ती बाई डोळ्यांत बघत होती, आणि जिने जन्मभर दुसऱ्यांची जेवणं पाहिली तिला न जेवलेलं तोंड ओळखू येत नसेल असं हाजराला वाटेना. शिवाय कालच्या चार रेघांची शाई अजून ताजी होती. पुन्हा न घडलेलं सांगायचं? आणि खरं सांगितलं तर ही सूर्य मावळेपर्यंत थांबून बसली तर?

"नाही झालं," हाजरा म्हणाली. "माझा आज उपास आहे, कुसाबाई. रोजा."

"उपास?" कुसाबाईने तिला नीट पाहिलं. "सोडायचा कवा?"

"दिवस मावळल्यावर."

"पानी बी नाय?"

"नाही."

"लय कडक हाय," कुसाबाई म्हणाली. मग तिने मान हलवली. "उपासवाल्यासाठी नाय थांबत. पाप लागत नाय त्याला."

आणि तिने चपातीचा तुकडा मोडला.

आक्काबाई पदर तोंडाला लावून गॅलरीत निघून गेली. हाजराचे डोळे भरून आले आणि वहीतल्या ओळी अंधूक झाल्या. तिला इतकं हलकं वाटत होतं की हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने लिहायला घेतलं. 'चपाती एक. भात अर्धी वाटी. वरण पूर्ण. भाजीतल्या मिरच्या बाजूला काढल्या. वेळ बावीस मिनिटे.' शेवटी थोडी जागा उरली. तिथे तिने लिहिलं, 'रुग्णाने सिस्टरची चौकशी केली.'

सोमवारी सकाळी काटा एकेचाळीसवरच थांबला. खाली गेला नाही. डॉ. चैतालींनी रविवारचं पान दोनदा वाचलं आणि जीवनची सही असलेला कागद फाइलमधून काढून हाजराच्या हातात दिला. "हा परत द्या त्यांना. नळी नाही. गोळ्या चालू राहतील, वेळ लागेल." मग निघताना वळून म्हणाल्या, "आणि आजपासून जेवणाच्या वेळी एक सिस्टर वॉर्डात थांबेल. डबे आळीपाळीने." हाजरा "हो मॅडम" म्हणाली. छातीवरची धोंड उतरली होती. खिडकीखालून द्राक्षांचा टेम्पो ओरडत गेला, तेव्हा रोजा असूनही तिला त्याचा राग आला नाही.

दुपारी जीवन एकटाच आला, भेटीच्या वेळेच्या अर्धा तास आधी, आणि खाली बाकावर बसला. हाजराने खाली जाऊन कागद त्याच्या हातात दिला. "काल जेवली का आई?" त्याने विचारलं. हाजराच्या जिभेवर उत्तर होतं. ते तिने गिळलं. "वर या," ती म्हणाली, "स्वतः बघा."

पाच ताटं रिकामी झाली होती. कुसाबाईसमोर सहावं नुकतंच आलं होतं. मुलाला बघून तिचा हात थांबला. "जेवला?" तिने विचारलं.

"जेवून निघालो," जीवन म्हणाला. ते खरं होतं. सृष्टीने त्याला त्याशिवाय घराबाहेर सोडलं नव्हतं.

कुसाबाई जेवू लागली. जीवन स्टुलावर बसला आणि बघत राहिला. आई घास लहान करते. वरण भातावर न घेता वेगळं पिते. घास नेहमी डाव्या गालात ठेवते, कितीतरी वेळ घोळवते. त्याने पुढे वाकून पाहिलं. "आई," तो म्हणाला, "तुझ्या उजव्या बाजूच्या दाढा कुठं गेल्या? कधी पडल्या?"

कुसाबाईने घास गिळला. "तुझ्या लग्नाच्या साली," ती म्हणाली. "आता खाऊ दे."

जीवनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तो तसाच बसून राहिला, आणि आई जेवत राहिली, शांतपणे, शेवटच्या शितापर्यंत. आक्काबाई रिकाम्या ताटासाठी दारात उभी होती. तिला घाई नव्हती.

हाजराने घड्याळ बघितलं आणि वही पुढे ओढली.

'१:०५. रुग्ण मुलाशी बोलली. रुग्ण जेवली. मी स्वतः पाहिले.'